एकच गाणे, पुन्हा पुन्हा

श्रोतेहो, नमस्कार.

माझा १७ वर्षांचा भाचा बारावीच्या अभ्यासासाठी सध्या आमच्याकडे राहतो. त्याच्याविषयी माझ्या बहिणीची तक्रार अशी, की हा मुलगा एखादे गाणे धरतो आणि आठवडाभर त्याचा पिच्छा सोडत नाही. गाणे हेडफोनमध्ये असल्याने घराला त्याचा उपद्रव नाही. पण जेवताना, जिना उतरताना, गणित सोडवताना तो त्याच चार ओळी गुणगुणत असतो. मागे एक मराठी रॅप होते, त्याआधी एक कव्वाली, आणि मध्येच एक कोरियन गाणे, ज्यातला एकही शब्द त्याला कळत नव्हता. "सारखं तेच काय ऐकतोस रे?" असे मी एकदा विचारले, तर म्हणाला, "मामा, अजून पूर्ण ऐकून झालं नाही."

हे उत्तर मी तेव्हा थट्टेवारी नेले. मात्र पुढे मला गदगच्या जोशी मास्तरांचा मुलगा आठवला. हा मुलगा लहानपणी वाजंत्री आणि भजनी मंडळी यांच्यामागे भान हरपून जात असे आणि वाटेत कुठेही झोपी जात असे. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, म्हणजे लोकांनी त्याला घरी आणून पोहोचवावे. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर त्याच्या कानी पडली आणि १९३३ साली, वयाच्या ११व्या वर्षी, आपल्यालाही असे गाता आले पाहिजे या एकाच ध्यासाने त्याने गुरूच्या शोधात घर सोडले. भीमसेन जोशी हे नाव त्यानंतर किती दूर गेले, ते आपण जाणताच.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्यात गायकाने जे भरलेले असे, ते एका ऐकण्यात हाती लागणे शक्यच नव्हते. पहिल्या खेपेस चाल कळे, पुढे शब्द कळत, आणि एखादी बारीक हरकत तर कितव्या खेपेस सापडेल, याचा नेम नसे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकाळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व, लहान वयातच नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत असत. त्याला कोणी नक्कल म्हणेल, आणि ती नक्कल होतीच. पण एवढी चोख नक्कल करायला कान किती तयार असावा लागतो, याचा हिशेब आपण सहसा करीत नाही. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून आणि नंतर देवासला माळव्याची लोकगीते ऐकून ते स्वतःच्या गाण्यापर्यंत पोहोचले, ती पुढची गोष्ट.

हवे ते गाणे पुन्हा पुन्हा ऐकण्याची ही चैन माझ्या पिढीला उशिरा मिळाली. १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीवर आवडते गाणे लागावे म्हणून फर्माईश धाडायची आणि वाट पाहत बसायचे, हाच शिरस्ता. (फर्माईश करणाऱ्यांत सतत येणारी झुमरीतलैयाच्या रसिकांची नावे ऐकून हे गाव खरोखर नकाशावर आहे का, अशी शंका आम्हाला येत असे, ते आहे.) गाणे लागले की एका खेपेत वहीत दोन ओळी उतरवून होत, उरलेल्या पुढच्या खेपेला. पुढे कॅसेट आली आणि आम्हीही पेन्सिल घालून फीत मागे फिरवू लागलो.

तेव्हा भाच्याच्या या सवयीला मी नावे ठेवणार नाही. उलट आजच्या ॲपमध्ये एक गाणे संपते न संपते तोच पुढचे आपोआप सुरू होते, ते कुणी निवडले याचा पत्ता नसतो. आणि अशा वेळी हा मुलगा मागे जाऊन तेच गाणे पुन्हा लावतो, यात मला त्याचा बाणेदारपणाच दिसतो. खटकते ते निराळेच. गाणारे कोण, चाल कुणाची, हे त्याला सांगता येत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रिकेसाठी गायल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचे नाव ठणकावून सांगितले होते. परदेशात तबकडी तयार करणाऱ्यांना गायिका ओळखता यावी म्हणून, असे सांगतात. आज नाव पडद्यावर समोरच असते, पण फोन खिशात असतो.

गेल्या रविवारी मी त्याला खाँसाहेबांची ती झिंझोटी ऐकवली, अर्थातच नाव आधी सांगून. ती संपली तेव्हा त्याने चमकून फोनकडे पाहिले. "एवढ्यात संपलं?" मी त्याला तबकडीच्या एका बाजूची गोष्ट सांगू लागलो, पण तोवर त्याने ती पुन्हा सुरू केली होती आणि हेडफोन कानाला लावले होते.