गाठ साधी नाही, कॅन्सरही नाही

नमस्कार मैत्रिणींनो. घरातल्या दादांनीही ऐका.

परकराची नाडी बांधायला पुरेना, म्हणून २६ वर्षांची एक सून सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. सासूबाईंना गोड बातमीची आशा. पाळी मात्र दर महिन्याला वेळेवर. सोनोग्राफी केली, तर डाव्या अंडाशयात कलिंगडाएवढी गाठ, आत पडदेच पडदे. आधी एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, "दोन्ही अंडाशयं, गर्भपिशवी, सगळं काढून टाका." सासूबाईंनी माझा हात धरला. "बाई, कॅन्सर आहे का, एवढंच सांगा." म्हटलं, "मावशी, गाठ काढून तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही."

ऑपरेशनमध्ये गाठ फुटू दिली नाही, नळीसकट अख्खी काढली आणि तिथूनच तपासायला पाठवली. अर्ध्या तासात पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, "बॉर्डरलाइन वाटतेय. पण गाठ फार मोठी आहे, पक्कं आठवड्यानं सांगते." मी उजवं अंडाशय आणि गर्भपिशवी जागच्या जागी ठेवून पोट शिवलं. तो आठवडा मलाही जड गेला. पक्का रिपोर्ट बॉर्डरलाइनचाच आला.

गर्भपिशवी काढायची घाई आपल्याकडे फार होते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं. मला अजून त्याचा संताप येतो.

तर बॉर्डरलाइन म्हणजे काय? पेशी वेड्यावाकड्या वाढतात, पण खालच्या थरात घुसत नाहीत. पुन्हा सांगते, घुसत नाहीत. म्हणून केमो सहसा लागत नाही. गाठ अंडाशयापुरतीच असेल, तर १०० पैकी ९५हून जास्त जणी ५ वर्षांनंतरही ठणठणीत जगत असतात. नुसत्या सीए-१२५ या रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका. एंडोमेट्रिओसिसमध्येही, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं त्या आजारातही, ती वाढते, आणि अशी गाठ असून नॉर्मलही येते.

मात्र ही गाठ १० वर्षांनीसुद्धा परत येऊ शकते. तपासणी सोडू नका. बरं वाटतंय म्हणून तर मुळीच सोडू नका.

त्या सुनेला पुढे मुलगी झाली. परवा ती सोनोग्राफीला आत झोपली होती, आणि सासूबाई बाहेर बाकावर, एका मांडीवर नात, दुसऱ्या मांडीवर कापडी पिशवीतली फाईल. उजवं अंडाशय स्वच्छ होतं. पुढची तारीख मी फाईलवर लिहून दिली.