अजिंठा, जेजेची पोरं आणि लंडनमधली कापडं

(पडद्यावर: अजिंठा, १ नंबरचं लेणं, पद्मपाणी)

हे चित्र तुम्ही पाहिलंय, निदान पुस्तकात तरी. आता जरा बाजूची भिंत बघा, कुठे रंग उडालाय, कुठे गिलावाच निघून गेलाय. दीडशे वर्षांपूर्वी इथे काय काय दिसत होतं ते बघायचं असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला जावं लागतं, आणि तिथे जी कापडं जपून ठेवलीयत ती मुंबईच्या एका आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेली आहेत.

आर्ट स्कूल म्हणजे आपलं जेजे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली, तेव्हा स्वतःची इमारतपण नव्हती, वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरायचे. एवढ्याशा त्या शाळेतले जॉन ग्रिफिथ्स सर १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायला लागले आणि हे काम चाललं थेट १८८५ पर्यंत. त्यात पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे मोठे चित्रकार झाले. लेण्यात उजेड कमी, भिंती काळवंडलेल्या, त्याच्यासमोर कॅनव्हास लावून तैलरंगात एकेक आकृती, एकेक दागिना, छतावरची नक्षी उतरवायची. लोक याला नक्कल म्हणतात. मला विचाराल तर हे सरळ सरळ संशोधन होतं, कारण भिंतीवर अर्धवट उरलेली रेघ कुठे जात होती हे समजल्याशिवाय ती काढताच येत नाही.

त्याची किंमतही भिंतींनी दिली, हे लपवायला नको. चित्रं नीट दिसावीत म्हणून त्या काळात त्यांच्यावर वार्निश लावलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं.

(पडद्यावर: सिडनहॅमचा क्रिस्टल पॅलेस, जुनं छायाचित्र)

त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षं अजिंठ्यात बसून अशाच प्रती केल्या होत्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेस या तिथल्या मोठ्या प्रदर्शन-इमारतीला लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिलने फोटोही काढले होते, पण ते कृष्णधवल, त्यात रंग कुठून येणार? म्हणून तर विद्यार्थ्यांना पाठवलं. आणि त्यांचीही चित्रं लंडनलाच गेली, १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला आग लागली, त्यातही बरीच गेली... वाचली ती दीडशेहून जास्त. ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापला म्हणून जळालेल्यांपैकी काहींचा निदान छापील पुरावा राहिला. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं की काय होतं ते बघा, दोनदा झालं!

आता तुमच्या गावातलं छोटं कॉलेज घ्या. वार्षिक प्रदर्शनातली चित्रं, कॅम्पसचे फोटो, पोरांनी आसपासच्या वाड्यांवर, देवळांवर, भाषेवर केलेले प्रोजेक्ट. सबमिशन झालं की गठ्ठा कपाटावर, मग वाळवी नाहीतर रद्दी. त्यातला एखादा वाडा आज पडलेला असेल आणि त्याचं मापांसकट ड्रॉइंग फक्त त्या गठ्ठ्यात असेल, याचा विचार करून मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

खर्च फार नाही. चित्रं सुरळी न करता सपाट ठेवा, जमिनीवर नको, ओलीच्या भिंतीला टेकून तर नकोच. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नाही. चांगला स्कॅन करा, एक प्रत कॉलेजात आणि एक दुसऱ्या गावात. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नाही, साल, जागा, कोण कोण आहे, डावीकडून उजवीकडे. आणि हे नावांचं काम आधी करा, जुने शिक्षक आणि निवृत्त शिपाईकाका यांच्याशेजारी बसून, कारण स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल पण तिसऱ्या रांगेतला तो मुलगा कोण हे सांगणारा माणूस तेव्हा असेलच असं नाही.