मागची सीट

(दृश्य: पहाट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली मोटरसायकल. दोन हात कव्हर ओढून काढतात.)

ही गाडी आमच्या घरी चार वर्षं आहे. 350 सीसीची रॉयल एनफिल्ड क्लासिक, वजन 195 किलोच्या आसपास. हिच्यावर मागे बसून मी मंडईत गेले, सिंहगडाच्या पायथ्याला गेले, नात्यातली निम्मी लग्नं गाठली. तासाभराच्या वर मात्र सलग कधी बसले नव्हते.

आणि आता ठरलंय ते असं. पुण्याहून ताम्हिणी उतरायचा, माणगाववरून हरिहरेश्वर गाठायचं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत जायचं. सहाशे किलोमीटरच्या घरात. सहा दिवस, दोघंच.

बातमी कळल्यावर मित्रांनी माझ्या नवऱ्याला भरपूर सल्ले दिले. ऑइल कुठलं टाक, टायर कुठले घे, चेन किती किलोमीटरला ल्यूब कर. सगळे कामाचेच होते. पण सहा दिवस मागे कोण बसणार आणि कसं बसणार, हे त्या सल्ल्यांत कुठेच नव्हतं. म्हणून ही गोष्ट मी मागच्या सीटवरून सांगतेय.

(दृश्य: भोरच्या पुढचा रस्ता. वळणं. मागे बसलेलीच्या खांद्यावरून कॅमेरा.)

महिनाभर आधी आम्ही एक रंगीत तालीम केली. पुण्याहून भोर, तिथून मांढरदेवीचा घाट चढून वाई आणि हायवेने परत. दिवसभराचा पल्ला, पण सामान, जॅकेटं, हेल्मेटं सगळं खऱ्या प्रवासासारखं.

भोरपर्यंत मजेत होते. भोर सोडल्यावर मांड्या बधिर व्हायला लागल्या. प्रत्येक ब्रेकला माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटत होतं. आणि घाटात मला भीती वाटली. गाडी वळणात डावीकडे कलली की माझं अंग आपोआप उजवीकडे जायचं, तोल सावरायला. मी सावरतेय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी गाडीला वळू देत नव्हते. तो वळण घ्यायला आणखी जोर लावायचा, मी आणखी आखडायचे.

देवीच्या पायथ्याशी चहा घेताना तो म्हणाला, "तू घाबरलीयस हे मला हँडलमध्ये कळतं." मी म्हटलं, "मग मला सांग ना, काय करू."

तिथेच शिकले. वळण ज्या बाजूला, त्याच्या त्या खांद्यावरून पुढे बघायचं. बस. अंग किती कलवायचं याचा विचारच करायचा नाही. नजर गेली की अंग आपोआप बरोबर जातं. वाईच्या बाजूला उतरताना मी तेवढंच केलं आणि घाट संपल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

त्यालाही शिकावं लागलं. दोघं बसलो की गाडीचं वजन मागे आणि वर सरकतं. तीच गाडी थांबायला जास्त अंतर घेते. एकट्याने चालवताना जिथे ब्रेक लागतो, त्याच्या बऱ्याच आधी गॅस सोडायचा, गिअर उतरवायचा आणि ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा. हेल्मेट आपटणं ही माझी चूक नव्हती. परतीच्या वाटेवर त्याने ते मनावर घेतलं आणि खंबाटकी उतरताना एकदाही आवाज आला नाही.

(दृश्य: दोन हातांचा क्लोजअप. खांद्यावर थाप.)

मग आमची भाषा ठरली. वाऱ्यात ओरडून काही ऐकू जात नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे जागा बघून थांब. गुडघा दाबला म्हणजे ठीक आहे, चालू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नसताना मी एका बाजूने चढले, तर एवढी जड गाडी माझ्यासकट कलंडू शकते. "चढू का?" आणि "चढ". रोज, प्रत्येक वेळी. पहिले चार दिवस हे फार औपचारिक वाटलं. आता सवय झालीय.

(दृश्य: गॅरेज. मागच्या शॉकअपवर हुक पाना फिरतोय.)

गॅरेजमध्ये या वेळी मीही गेले. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला खाचा असतात. एकट्यासाठी ती सैल चालते. दोघं आणि सामान असेल तर कडक करावी लागते, नाहीतर गाडी मागे बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या टायरची हवाही दोघांसाठी वेगळी असते. गाडीच्या पुस्तिकेत ते आकडे शेजारी शेजारी छापलेत. चार वर्षं आम्ही फक्त पहिला आकडा वाचला होता.

नवी क्लच केबल जुनीच्या शेजारूनच ओढून बांधून घेतली. वाटेत तुटली तर फक्त टोकं बदलायची. ट्यूब, टायर लिव्हर, पंप, प्लग, फ्यूज. तारांच्या चाकाला ट्यूब असते, त्यामुळे चाक काढून ट्यूब बदलायची तालीम अंगणात दोनदा केली.

मेकॅनिकने सुचवलं, साडीगार्ड काढून टाकू, बॅगा छान बसतील. मी नको म्हटलं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये 123 वा नियम फक्त मागे बसणाऱ्यासाठी आहे. पकडायला पक्का दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं आवरण, कपडा चाकात अडकू नये म्हणून. ओढणी चाकात गेल्यावर काय होतं, ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी सोसलंय. म्हणून साडीगार्ड राहिलं, बॅगा दोन बोटं मागे सरकल्या आणि ओढणी घरी राहिली.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर कागदपत्रं.)

आता विमा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी ऐका. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर मागे बसलेला माणूस त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालच्या एका निकालात हे स्पष्ट केलंय. गाडीच्या मालक-चालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. मागे बसणाऱ्यासाठी मात्र तो वेगळा मागून घ्यावा लागतो. म्हणजे गेली चार वर्षं आमच्या पॉलिसीच्या हिशेबात मी त्या गाडीवर नव्हतेच. हे वाचलं त्या रात्री आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. दुसऱ्या दिवशी त्याने पॉलिसी बदलून घेतली.

हेल्मेट दोघांना, दोन्ही आयएसआय छापाची. माझं आधीचं हलकं टोपीवजा हेल्मेट होतं, ते टाकून दिलं.

(दृश्य: कोपऱ्यावरचं रद्दीचं दुकान. काट्याला लटकलेली बॅग.)

बॅगा रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलल्या. डावी 7 किलो, उजवी 5. मग जड वस्तू खाली आणि पुढे घेतल्या, वजन दोन्हीकडे सारखं केलं. उजवीकडे सायलेन्सर आहे, तिथे बॅगेचं कापड टेकता कामा नये. माझ्या पाठीवर सॅक नाही, कारण तिचं ओझं दिवसभर माझ्याच मणक्यावर येतं. हे करता करता त्याचे तीन टी-शर्ट आणि माझा ड्रायर घरी राहिला.

रस्त्याचा हिशेब मात्र किलोमीटरवर मांडला नाही, जंगलजेट्टीवर, म्हणजे खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या बोटीवर मांडला. सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी. वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे. शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड. गाडीसकट होडीत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. एक बोट चुकली की दुपार सरकते, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वळणांवर जांभ्याची लाल माती आणि बारीक खडी येते, अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात. म्हणून मुक्काम दिवसाउजेडी. दर तासाला थांबा, मग मी थकलेली असो वा नसो. तो थांबा माझा हक्क आहे, मागावा लागू नये, असं आम्ही लिहूनच ठेवलं.

(दृश्य: बागमांडल्याची जेट्टी. पाणी चमकतंय.)

आज निघालो. ताम्हिणीत थंडी होती, माणगावात मिसळ झाली, गुडघा तीन वेळा दाबला, दोन थापा एकदाच दिल्या.

जेट्टीवर मी उतरले. लोखंडी उतार ओला होता. दोघांचं वजन नको म्हणून मी पुढे चालत गेले आणि बोटीवरून मागे वळून बघितलं. पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली ठेवत, तो हळूहळू वर आला. या गाडीला मी समोरून असं चालताना कधी बघितलंच नव्हतं. सामान सरळ होतं. माझी सीट रिकामी होती.

बोट वेश्वीला लागली. त्याने गाडी चढावर नेऊन उभी केली, दोन्ही पाय टेकले आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"चढू का?"

"चढ."