काहील, वाडा आणि भिंतीवरची नावं

आत्ता स्क्रीनवर जे मोठं लोखंडी भांडं दिसतंय ना, ते बघून आपल्याकडच्या कुणालाही गुऱ्हाळच आठवेल. काहीलच आहे ती. फक्त ही कोल्हापूर साईडची नाही, अमेरिकेत लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी वॉलेस म्हणून गाव आहे तिथली, आणि हिच्यात रस ढवळणाऱ्याला मजुरी मिळायचा प्रश्नच नव्हता, कारण तो गुलाम होता, माणूसच मालकाच्या मालमत्तेत धरलेला.

ही जागा म्हणजे व्हिटनी प्लँटेशन, गुलामांच्या कष्टावर चालणारा मोठा मळा. १७५२ मध्ये हायडेल नावाच्या जर्मन कुटुंबानं सुरू केलं, आधी नीळ, मग ऊस. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबरपासून, कडक थंडीनं ऊस खराब व्हायच्या आत सगळं उरकायचं, म्हणून रात्रंदिवस काम, आणि रस एका काहिलीतून पुढच्या लहान काहिलीत ओतत न्यायचा, शेवटची सगळ्यात लहान आणि सगळ्यात गरम. रात्रीचे दोन, डोळ्यावर झोप, समोर उकळता पाक. गुऱ्हाळात एकदा तरी भाजलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

आता गंमत बघा (गंमत तरी कसली म्हणा), या नदीकाठच्या रस्त्यावर असे मळेवाल्यांचे वाडे बरेच टिकलेत. पांढरे खांब, ओकच्या झाडांची रांग, आणि लोक चक्क तिथे लग्नं करतात. २०१९ मध्ये पिंटरेस्ट या फोटोंच्या साइटनं अशा लग्नांचं प्रमोशन थांबवलं, म्हणजे तोवर ते बिनधास्त चालूच होतं. वाडा जपला की इतिहास जपला असं सगळे धरून चालले होते, पण वाडा कुणाच्या कष्टावर उभा राहिला हे कुणी विचारायचं?

व्हिटनीची जमीन १९९० च्या दशकात एका प्लास्टिक कंपनीकडे होती, तिथे कारखाना व्हायचा होता, तो बारगळला. १९९९ मध्ये जॉन कमिंग्ज या न्यू ऑर्लिन्सच्या वकिलानं ती घेतली आणि स्वतःचे लाखो डॉलर ओतले. गोरा माणूस हे सगळं का करतोय असे प्रश्न आलेच, आणि यायलाच हवे होते. सोबतीला सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक. डिसेंबर २०१४ मध्ये म्युझियम उघडलं आणि त्यात मुख्य माणसं ठरली ती गुलाम केलेली, मालक नाही.

ही ग्रॅनाइटची भिंत. इथे राबलेल्या साडेतीनशेहून जास्त लोकांची नावं, बहुतेकांना आडनावच नाही. आणि ही नावं मिळाली कुठून, तर मालक मेल्यावर वाटणीसाठी जी यादी व्हायची तिच्यातून आणि खरेदी-विक्रीच्या कागदांतून, नाव, वय, कुठून आणला, काय काम येतं, किंमत किती. म्हणजे ज्या कागदानं माणसाचा माल केला त्याच कागदामुळे आज त्याचं नाव तरी कळतंय. मला हे पचायला वेळ लागला, खरं सांगायचं तर अजून पचलेलं नाही.

पुढे मुलांचं स्मारक आहे. या भागातली २,२०० गुलाम मुलं, तीन वर्षांची व्हायच्या आत गेलेली, नावं चर्चच्या नोंदवहीतून घेतलेली. आणि म्युझियमच्या आवारातल्या चर्चमध्ये शिरलात की बाकांपाशी मातीच्या रंगाची मुलं, वूड्रो नॅश यांचे पुतळे, खऱ्या मुलांच्या उंचीचे, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. ही कोण, तर जी लहानपणी गुलाम होती आणि १९३० च्या दशकात म्हातारपणी ज्यांच्या आठवणी सरकारी प्रकल्पात लिहून घेतल्या गेल्या, ती. आजी-आजोबांनी सांगितलं, पण सोसलं ते या वयात, म्हणून पुतळे मुलांचे.

हा शेवटचा ड्रोन शॉट. चारी बाजूंना अजून ऊसच. याच वॉलेसमध्ये धान्याचं एक भलंमोठं टर्मिनल येणार होतं, पण त्या उसाखाली आपल्या पूर्वजांच्या खूण नसलेल्या कबरी असतील म्हणून गुलामांच्या वंशजांनी त्याला विरोध केला, कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला.