घाईतला भला माणूस

नीतीचा विषय निघाला की आपण लगेच मोठमोठे पेच मांडतो. बुडत्या नावेतून कुणाला वाचवायचं, एकाचा जीव देऊन पाचांना वाचवावं का, वगैरे. वाद रंगतात, पण असे प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला कधीच येत नाहीत. वाट्याला येतात त्या सवयी. आज त्यांच्याबद्दलच बोलतो. ही माझी मतं आहेत, आणि ती ठाम आहेत.

पहिलं मत घाईबद्दल. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दाराशी कोसळल्यासारखा खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना आधी सांगितलं होतं की तुम्हाला उशीर झालाय, पळा, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. यातल्या काहींचं भाषण कशावर होतं? वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या भल्या शोमरोनी माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवर! तरीही त्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

ही मुलं दुष्ट होती असं मला मुळीच वाटत नाही. तिकडे कुणीतरी आपली वाट बघतंय, हेही त्यांच्या मनात असणारच. पण चांगुलपणाला जागा लागते, आणि आपण दिवस असा गच्च भरतो की कुणासाठी दोन मिनिटं थांबायचं तर सगळं कोलमडतं. म्हणून वेळेआधी निघणं ही मला निव्वळ शिस्तीची गोष्ट वाटत नाही, ती नीतीची गोष्ट वाटते. उशिरा येणाऱ्याबद्दलही माझं मत कडक आहे. एखाद्या दिवशी अडचण येते, ते कुणालाही समजतं. पण जो नेहमीच उशिरा येतो, त्याने दुसऱ्याचा वेळ आपल्यापेक्षा स्वस्त ठरवलेला असतो. आणि गंमत बघा, आपल्याहून मोठ्या अधिकाराच्या माणसाकडे जाताना हाच गृहस्थ दहा मिनिटं आधी हजर असतो.

सवय बदलते का? बदलते. न्याय्य वागत वागतच माणूस न्यायी होतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसामाणसांत फरक मात्र प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातली मला सगळ्यात धीराची वाटलेली गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. ‘एकदा मोडलं, आता कशाला?’ ही सबब त्यामुळे चालणार नाही.

काही मतं झटपट सांगतो. माफी मागताना सोबत कारणांची यादी देऊ नये. उसने घेतलेले पैसे, रक्कम कितीही लहान असो, समोरच्याने आठवण करून देण्याआधी परत करावेत, कारण मागणाऱ्यालाच संकोच वाटतो. आणि जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल आलेला मेसेज खरा की खोटा हे माहीत नसेल, तर तो पुढे पाठवू नये.

आता खोटेपणाकडे येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली एका निबंधात टोकाची भूमिका घेतली. तुमच्या घरात लपलेल्या मित्राला मारायला आलेल्या खुन्याने विचारलं, तरी खोटं बोलू नये! मला हे अजिबात पटत नाही. जीव वाचत असेल तर मी बेधडक खोटं बोलेन. पण आपली रोजची खोटी उत्तरं कुणाचा जीव वाचवायला नसतात, ती आपली अडचण टाळायला असतात. ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग,’ असं मुलाला सांगून फोन त्याच्या हातात देणं मला फार गंभीर वाटतं. ‘बाबा आत्ता बोलू शकत नाहीत’ एवढं म्हटलं तरी काम भागतं.

सगळ्यात अवघड खोटं आजारी माणसाशी बोललं जातं. घरच्यांना निदान माहीत असतं, फक्त ज्याला आजार आहे त्यालाच ते माहीत नसतं. प्रेमापोटीच लपवतात, हे मी जाणतो. पण मग त्या माणसाला कुणाशी काय बोलून घ्यायचंय, कुठली कागदपत्रं नीट लावायचीत, कुणाला भेटायचंय, हे ठरवण्याची संधीच उरत नाही. सगळं एकदम त्याच्या अंगावर टाकावं असंही मी म्हणत नाही. आधी त्यालाच विचारावं, ‘तुला किती जाणून घ्यायचंय?’ तो ‘काही नको’ म्हणाला तर गप्प राहावं. पण विचारावं त्यालाच, बाहेरच्या खोलीत जमलेल्या नातेवाइकांना नव्हे.