कुलूप लावलेली घरं आणि मोजायची राहिलेली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर 2011 च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी, होते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत तक्त्यांचा गठ्ठा आणि हातानं काढलेला नकाशा घेऊन मी घरोघर फिरायचे. 9 ते 28 फेब्रुवारी, असे वीस दिवस हातात होते. पहिल्याच संध्याकाळी कळलं की जवळजवळ निम्म्या वाडीला कुलूप आहे. कुलपात धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधलेली. अंगणात चुलीचे तीन दगड, त्यात उडून आलेला पाला. आणि दारावर घरयादीचा क्रमांक मात्र ठळक. कारण घरयादी, म्हणजे घरांना क्रमांक देऊन त्यांची नोंद करायचं काम, आदल्या वर्षी उन्हाळ्यात झाली होती, तेव्हा माणसं घरी होती.

शेजारची आजी म्हणाली, "समदी कारखान्याला गेलीत बाई. मी सांगते की नावं, घ्या लिहून."

कारखान्याला म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला. पण मला ती नावं लिहिता येत नव्हती. नियम असा होता की त्या वीस दिवसांत जो माणूस घरी एकदाही आलेला नाही, त्याची मोजणी घरी करायची नाही. तो त्या काळात जिथं राहतोय, तिथं त्याला मोजायचं. नियम चांगलाच आहे, नाहीतर एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जाईल. मी आजीला म्हटलं, "तिकडचे लोक घेतील त्यांची नोंद." आणि पुढच्या घराकडे वळले.

उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, आणि माणसं परतली. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला मी सहज विचारलं, तुमच्या अड्ड्यावर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामावर, शिरगणतीला कुणी आलं होतं का? ती म्हणाली, "चिठ्ठीवाला यायचा, मुकादम यायचा. दुसरं कुणी न्हाई आलं." चिठ्ठीवाला कारखान्याचा, मुकादम टोळी घेऊन जाणारा; जनगणनेचं कुणीच नाही. तिच्या घरात पाच माणसं. इकडे कुलूप होतं म्हणून सुटली आणि तिकडे कुणी फिरकलंच नाही म्हणून सुटली. ते उत्तर मी अजून विसरलेले नाही. मी तिकडे एक पोस्टकार्ड टाकलं असतं, मुकादमाला एक फोन केला असता, तरी ती पाच नावं लागली असती.

देशभराचंही थोडं सांगते. जनगणना झाल्यावर सरकार काही निवडक भागांत पुन्हा पाहणी करतं आणि किती माणसं सुटली ते तपासतं. 2011 च्या जनगणनेत दर हजारी सुमारे 23 माणसं सुटली होती. ऐकताना आकडा लहान वाटतो. पण हे सुटणं सगळीकडे सारखं होत नाही. ज्यांचं दार सहज उघडतं त्यांच्याकडे कमी सुटतात. पालावर, वीटभट्टीवर, पुलाखाली, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत जास्त सुटतात. आणि घरातली बाळं तर अगदी सहज सुटतात. "घरात किती जण?" असं विचारलं की आई मोठ्यांची नावं घेते, मांडीवरचं तान्हं राहूनच जातं.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसं, पण मुकादमाच्या वहीत आकडा पडतो दहा. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या दहावर, हिशेब त्या दहावर. बाईचं नाव वेगळं लागत नाही. तिच्यासोबत आलेलं पोर, म्हातारी सासू, पाठीवरची धाकटी बहीण, यांना त्या वहीत जागाच नाही. जनगणनेच्या तक्त्यात मात्र प्रत्येकाला स्वतःची ओळ असते. नाव, वय, शिक्षण, काम, सगळं त्याचं त्याचं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता पुढची जनगणना. 2021 ची जनगणना कोविडमुळे लांबली. ती आता दोन टप्प्यांत होते आहे. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. आपल्याकडे 1 मार्च 2027 ला रात्री बारा वाजता देशात किती माणसं आहेत, ते त्यातून ठरेल. या वेळी प्रगणकाच्या हातात कागद नसेल, मोबाईल असेल. घरबसल्या स्वतः माहिती भरायचीही सोय आहे. ज्या घरात लिहितं-वाचतं पोर आहे त्यांना तिचा उपयोग होईल. पण फेब्रुवारी म्हणजे ऊस गळिताचा ऐन हंगाम. तेव्हा माझी वाडी पुन्हा कुलपात असणार.

या आकड्यावर पुढं काय काय ठरतं, त्यासाठी रेशनचं उदाहरण घ्या. अन्न सुरक्षा कायदा 2013 सालचा. ग्रामीण भागातल्या 75 टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या 50 टक्क्यांपर्यंत लोकांना त्यात धान्य मिळतं. हे टक्के काढले आहेत 2011 च्या लोकसंख्येवर. त्यावरून महाराष्ट्राला सुमारे 7 कोटी माणसांचा कोटा मिळाला आणि आजही तोच चालू आहे. नवीन सून आली, नातवंडं झाली, नाव चढवायला गेलं की ऐकायला मिळतं, कोटा भरला. तो कोटा कुठून येतो, हे आता तुम्हाला कळलं असेल.

प्रगणकांनो, दार न उघडणाऱ्यांवर रागवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काही घरांना यादीची भीती असते आणि ती भीती खरी आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी आणि अशा कितीतरी समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्यांची नावं नोंदवायची, ती हजेरी घेण्यासाठी. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अख्खी वसाहत होती, तिला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला, हा कायदा गेला. ज्यांच्या आजोबांचं नाव वहीत चढलं ते पहारा बसवण्यासाठी, त्यांच्या नातवानं वही बघून पाल सोडून निघून जावं, यात नवल काय? म्हणून तिथं अनोळखी माणसानं एकट्यानं जाऊ नये. वस्तीचा कारभारी, आशाताई, अंगणवाडीची सेविका, नाहीतर त्याच समाजातला शिकलेला पोरगा, कुणीतरी ओळखीचं सोबत हवं. बोली त्यांची असली तर फारच उत्तम.

कायदा काय सांगतो, तेही त्या पालावर बसून सांगा. जनगणना कायदा 1948 चा आहे. त्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे तुमची वैयक्तिक माहिती कुणालाही पाहायला मिळत नाही आणि ती पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा आहे. उत्तर न देणाऱ्याला दंड आहे, हेही खरं, पण दंडाचं नाव काढून मी आजवर एकही दार उघडलेलं पाहिलं नाही.

याच कायद्यात एक फार हळुवार तरतूद आहे. रीतीमुळे ज्या बाईला नवऱ्याचं नाव घेता येत नाही, तिच्यावर ते सांगण्याची सक्ती नाही. वाडीवरची एक मावशी माझ्यापुढे अशीच पदर सावरत गप्प बसली होती. मी म्हटलं, "राहू दे मावशी, कायद्यानंच सूट दिलीय तुम्हाला." ती इतकी मोकळी हसली! मग तिनं नातवाला हाक मारली, "ये रं, सांग बाईला आज्याचं नाव." वय विचारलं तर म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तवा कडेवर पोरगं व्हतं." त्यावरून आम्ही दोघींनी मिळून वय काढलं. तरुण पोरींची वयं किल्लारीच्या भूकंपावरून लागायची. जन्मतारीख माहीत नाही, कागद नाहीत, म्हणून कुणी मागं राहू नये. जनगणनेला कागद लागत नाही, तुम्ही सांगाल ते लिहून घेतात.

या वेळी जातही विचारतील. 1931 नंतर जनगणनेतून सगळ्या जातींचे आकडे बाहेर आलेलेच नाहीत. भटक्या-विमुक्तांची संख्या किती, यावर इतकी वर्षं नुसते अंदाज चालले आहेत. त्यामुळे आपली जात आपण स्वतःच्या तोंडानं सांगावी. शेजाऱ्यानं, मालकानं किंवा मुकादमानं ठरवून देऊ नये.

ज्यांना छप्परच नाही त्यांची मोजणी 2011 ला 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. स्टेशन, फूटपाथ, देवळांच्या पायऱ्या, सगळीकडे. महाराष्ट्रात अशी 2 लाख 10 हजारांवर माणसं नोंदवली गेली. रात्री कोण कुठं झोपतं, हे पहाटे दूध टाकणाऱ्याला आणि चहाच्या गाडीवाल्याला ठाऊक असतं. अशा माणसांना प्रगणकानं आधीच गाठायला हवं.

कारखान्याच्या पट्ट्यातल्या श्रोत्यांनो, तुमच्या शिवारात कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या, पडल्या असतील तर तुमच्या भागाच्या प्रगणकाला त्या नेऊन दाखवा. दिवसा तिथं फक्त लहान पोरं आणि एखादी म्हातारी सापडेल. माणसं पहाटे अंधारातच उसाच्या फडात जातात. गाडी भरून परत आल्यावर, चुली पेटल्या की मगच जा. मुकादमांनो, त्या संध्याकाळी टोळीला थोडं थांबवून धरा.

आणि माझ्या वाडीसारख्या वाड्यांवर मागं राहिलेल्या आजी-आजोबांनो, फेब्रुवारीत मुलाचा फोन येईल तेव्हा खुशाली विचाराल, पोरांचं विचाराल. त्याबरोबर एवढंही विचारा, "अड्डा कोणत्या गावच्या शिवारात पडलाय?" त्या गावाचं आणि तालुक्याचं नाव कुणाकडून तरी कागदावर लिहून घ्या, आणि दारात प्रगणक आला की तो कागद त्याच्या हातात द्या.

नमस्कार.