पत्त्याची पाठ

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासळी उतरत होती. माझ्या खिशात गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळातला, एक गोल पत्ता होता: मत्स्य अवताराची पंजी, पाच मासे काढलेली. म्हटलं, माशातलं खरं-खोटं ज्यांना कळतं त्यांनाच विचारावं. जाळं झाडत बसलेल्या एका आजोबांपुढे पत्ता धरला.

त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला.

"असलो मासो दर्यात नाय." मग बोट ठेवून मोजले. "पण पाच असत मां? मगे झाला तर."

आता आपण सावंतवाडीच्या राजवाड्यात आहोत. दरबार हॉलमध्ये खिडकीच्या उजेडाला चितारी बसतात. दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०. अवतार दहा; प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. पूर्वी चिंध्यांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पत्ता करत. ही कला विझायला आली होती, तेव्हा १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी ती इथे पुन्हा उभी केली. एका वृद्ध चिताऱ्यांकडून आधी स्वतः शिकले, मग इतरांना शिकवलं.

कलेत चूक-बरोबर नसतंच, असं म्हणायची हल्ली सोय झाली आहे. (कामात कोणी चूक काढली की विशेष.) मला ते या हॉलमध्ये बसून पटेना.

ही पंजी जवळून बघा. पाच माशांतले दोन सारखे नाहीत. एकाचं शेपूट आखूड, एकाचा डोळा असा वर गेलाय की तो नुकताच काहीतरी ऐकून दचकलाय. हे चालतं. चितारी बाईंचा ब्रश मघाशी काठावर घसरला, तर त्यांनी त्या फराट्याला दोन पानं काढली आणि त्याची वेल केली. मला सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. पण मासे सहा झाले असते, तर तो पत्ता कितीही देखणा असो, खोटा. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, असा हा उलटसुलट खेळ. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातात तो डाव उघडतो, रात्री कृष्णाचा. इथे मोजणीत चूक झाली की भांडणच.

आणि आता पत्ता उलटा करू.

पाठ. एकरंगी, कोरी. तिच्यावर काहीच नाही आणि सगळ्यात जास्त जपायचं ते हेच. कारण डावात समोरच्याला दिसते ती पाठ. तिच्यावर तांदळाच्या कणीएवढा डाग राहिला, तरी तिसऱ्या डावाला समोरचा ओळखणार: नरसिंहाचा राजा हिच्याकडे आहे. १२० पाठी एकसारख्या हव्यात. समोरून हाताला मोकळीक, मागून तसूभर सूट नाही.

त्या दुपारी बाईंनी एक पत्ता बाजूला काढला. वामनाचा प्रधान, सुरेख उतरलेला. पाठीवर रंगाचा एक बारीक ओघळ सुकला होता. मी म्हटलं, अहो, आता गंजिफा खेळतं कोण? लोक संच नेतात, काचेत लावतात. पाठ भिंतीकडेच राहणार.

त्यांनी मान वर केली नाही. पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि ओघळ घासायला लागल्या. रंग निघाला, खालचा पांढरा थर दिसू लागला. म्हणजे पाठ पुन्हा रंगवायची, आणि छटा बाकीच्या ११९ पाठींशी जुळवायची.

"आणि कोण खेळूक इलो तर?"